गवत हललं पाहिजे

गडचिरोलीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. एका दुपारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई ड्यूटीच्या पांढऱ्या साडीतच, घरच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट बाळासारखं उराशी धरून आल्या. त्यांना गेमसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड हवं होतं.

"बाई, याचा पॉवर सप्लाय लहान आहे. मोठं कार्ड लावलं तर गेम सुरू होताच मशीन बंद पडन. नवा सप्लाय नागपूरवरून मागवा लागन."

"नाई भाऊ, आजच पाहिजे. झेपन ते लावा. फक्त गवत हललं पाहिजे."

मी झेपेल तेवढं कार्ड बसवून गेम लावला. पडद्यावर माळरान उघडलं. जवळचं गवत वाऱ्यानं डुलत होतं, लांबचं मात्र, कार्ड लहान पडल्यानं, भिंतीवरच्या रंगासारखं स्तब्ध होतं. मी ओशाळून ते दाखवलं.

"जवळचं हलून राह्यलं ना? बस झालं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "सकाळी वार्डात एक आजी माझा हात धरूनच गेली. तेव्हापासून सारं थांबल्यासारखं वाटून राह्यलं."

मी नर्सबाईंचं नाव विचारलं नाही. माउसला हात न लावता त्या नुसत्या बघत बसल्या. दुकानात वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी उडू नये म्हणून धरावा तसा त्यांनी पदर धरला होता.