अडलेली झडप

घाटरस्त्यावर सगळे तिला भोंगाताई म्हणायचे. तिने एक हाक मारली की पुढच्या वळणावरचा ड्रायव्हर दचकून ब्रेक दाबायचा, म्हणून हे नाव पडलं आणि तिनेही ते मजेत मिरवलं. आधी ती एका लाँड्रीत दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालायची. लायसन्स काढून ठेवलं होतं, पण गाडी कुणी हातात देत नव्हतं. एक दिवस लाँड्रीचा टेम्पोवाला आलाच नाही. मालक डोक्याला हात लावून बसला, तशी ती उठली. "किल्ली द्या, मी जाते," म्हणाली, आणि चादरी पोचवून, वर रिकामा टेम्पो धुऊन परत आली. त्या दिवशी हातात आलेलं स्टिअरिंग मग सुटलं नाही. टेम्पोचा ट्रक झाला, पुढे ट्रकही स्वतःचा झाला. घाटापलीकडच्या गोठ्यांना पशुखाद्याची पोती नेणं, हे तिचं काम.

तिची आई प्रसूतिगृहात नर्स होती. आता निवृत्त. अंगाने काडी, जिभेने कात्री. लेकीच्या ट्रकमध्ये ती कधी म्हणून कधी बसली नव्हती. "त्या धुडात चढायला मला शिडी लागेल आणि उतरायला डॉक्टर," असं म्हणायची.

पण त्या हिवाळ्यात गोष्टच वेगळी झाली. घाटापलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, आणि बर्फामुळे बस बंद पडली होती. चाकांना साखळ्या लावलेले ट्रक तेवढे वर सोडत होते. आईने मुकाट्याने पिशवी भरली, शाल गुंडाळली आणि सकाळी ट्रकच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली.

"बघतेस काय नुसती? ढकल की वर!"

भोंगाताईला हसू आवरेना. आईला आपला रस्ता दाखवायचा, प्रत्येक वळण, प्रत्येक पूल, असं तिच्या मनात कितीतरी वर्षं होतं. ती गाणं गुणगुणतच निघाली. पण घाटाच्या पायथ्याशी थंडी वाढली आणि समोरच्या काचेवर दोघींच्या श्वासाचं धुकं धरलं. तिने हीटरचं बटण गरमकडे फिरवलं. आतून आली ती गारढोण हवा. आणि डॅशबोर्डच्या मागून आवाज, टक, टक, टक.

"कोण दार वाजवतंय?" आईने विचारलं.

"हीटरच्या आतलं दारच मोडलंय, आई."

काच पुसली की पुन्हा धुरकट. असं वर जाणं म्हणजे डोळे बांधून जाणं. तिने पायथ्याच्या गॅरेजकडे ट्रक वळवला.

तिथला मिस्त्री तिच्या ओळखीचा. त्याने बॉनेट उघडून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपले. दोन्ही चटका बसेल इतके गरम. "पाणी नीट पोचतंय," तो म्हणाला. "आतली झडप तुटली. हवा गरम जाळीकडे पाठवायची की बाजूने सोडून द्यायची, ते ती ठरवते. तिची दांडी मोडली, म्हणून ती फिरवणारी मोटर बिचारी नुसती टकटक करतेय. नवी झडप आहे माझ्याकडे, लोखंडी. पण बसवायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आणि माझ्याकडे ही रांग बघ. या आठवड्यात जमणार नाही."

"आठवडा?" आई खिडकीतून ओरडली. "बाळ काय तुमच्या रांगेत उभं राहणार आहे?"

मिस्त्रीने कान खाजवला. "दुसरा एक मार्ग आहे म्हणा. सीटसमोरचा कप्पा काढायचा, त्यामागच्या हीटरच्या पेटीला खिडकी कापायची आणि तिथूनच झडप बदलायची. करतात काही जण. पण पातं जरा खोल गेलं तर गरम पाण्याची जाळी फुटेल, मग हीटर कायमचा गेला. तुझी गाडी आहे. मी नाही कापणार."

भोंगाताईने ट्रककडे पाहिलं. त्याचा एकेक नट तिने स्वतः आवळला होता. साधा ओरखडा उठला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. आणि आता त्याच्या पोटात सुरी घालायची? पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी उसळत होतं, पहिल्यांदा टेम्पोची किल्ली मागताना उसळलं होतं तसं.

"पातं दे," ती म्हणाली.

कप्पा निघाला. मागे काळी प्लास्टिकची पेटी दिसली. पात्याला टोकापासून जरासं सोडून तिने चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे त्याहून खोल जाणारच नाही. मग श्वास रोखून कापायला लागली. प्लास्टिक कुरकुरत होतं, हात भरून येत होते. चौथी बाजू सुटली आणि चौकोनी तुकडा अलगद तिच्या तळहातावर आला. पाणी नाही, वाफ नाही, जाळी शाबूत!

"जमलं!" ती अशी ओरडली की गॅरेजमध्ये कुणाच्या तरी हातातला पाना पडला.

जुन्या झडपेचा मोठा तुकडा चिमट्याने लगेच निघाला. दांडीचा तुकडा मात्र निसटून आत, कोपऱ्यात पडला. भोंगाताईने हात घातला, तर मनगटापाशी अडकला. उलटा घातला, सुलटा घातला. पोती उचलून उचलून हात कसे जाडजूड झाले होते! मिस्त्रीचा पंजा तर तिच्याहून मोठा. तिने कपाळावरचा घाम पुसला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सरक."

आईने शाल काढली, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि अंगठी काढून लेकीच्या हातात दिली. मग सीटवर गुडघे टेकून तिने तो काडीसारखा हात आत सोडला. डोळे मिटले.

"आई, दिसतंय का काही?"

"उभ्या जन्मात आत बघून काम केलंय का मी? गप्प राहा जरा." बोटं चाचपत राहिली. "हं. आडवं पडलंय. असं ओढलं तर निघायचं नाही, आधी वळवायला हवं... ये, ये बाळा... आलं!"

तुटकी दांडी बाहेर आली. मिस्त्री आ वासून बघत होता. "मावशी, पायाळू होतं की काय?"

"गाडीचं काय असतं मला ठाऊक नाही," आई म्हणाली. "नवीन कुठाय?"

नवी झडप तिरकी करून आत घालायची होती. खालचं टोक पेटीच्या तळाच्या भोकात बसवायचं आणि वरचं मोटरच्या खाचेत. आता भोंगाताईने ती वरून धरली, आईने खालून वाट दाखवली. "डावीकडे. अगं, माझं डावं! थांब. आता सोड हळू." एकदा चुकलं. दुसऱ्यांदा भोकाच्या काठावरून घसरलं. तिसऱ्या वेळी आतून खट्ट झालं, आणि दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं. इतक्या जवळून आईचा चेहरा तिने कधी पाहिला होता, तिला आठवेना. डोळे लकाकत होते म्हातारीचे.

मोटर जोडली. कापलेला तुकडा जागेवर ठेवून भोवती चंदेरी पट्टी घट्ट चिकटवली. इंजिन तापेपर्यंत दोघी त्या बटणाकडे बघत बसल्या. मिस्त्रीसुद्धा हातातलं काम टाकून खिडकीपाशी आला. मग भोंगाताईने बटण फिरवलं. टकटक नाही. आत काहीतरी मऊपणे सरकल्याचा आवाज तेवढा आला, आणि मग गरम हवेचा झोत सरळ आईच्या तोंडावर! तिचे पांढरे केस भुरभुर उडायला लागले.

"अगं बाई!" आईने दोन्ही हात त्या झोतात धरले. "अगं, बंद करू नकोस!"

भोंगाताईने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मिस्त्री कानात बोटं घालून हसत सुटला.

घाट चढताना काच आरशासारखी लख्ख होती. आई पहिल्यांदा दाराचा दांडा घट्ट धरून बसली होती. मग तिने तो सोडला, मग शाल सोडली, आणि खिंडीत पोचल्यावर काचेला नाकच लावलं. खाली बर्फाने भरलेलं अख्खं खोरं उन्हात चमचमत होतं. "हे तू रोज बघतेस?" तिने विचारलं. "आणि मला सांगायची काय, तर टायर झिजले!"

धाकटीने दार उघडलं तेव्हा तिला कळा सुरू झाल्या होत्या, पण घरात तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईने तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उंबऱ्यातच टाकली आणि जावयाला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाई आल्या तोवर सगळी तयारी झालेली. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला, गुटगुटीत, रागाने लालबुंद. भोंगाताईने त्याला हातात घेतलं तेव्हा तिच्या नखांत अजून काळं प्लास्टिक अडकलेलं होतं, आणि आई बाजूला बसून जावयाला मोटरची खाच कुठे असते ते हातवारे करून समजावत होती.

बारसं होईपर्यंत बस सुरू झाली. जावई परतीचं तिकीट काढून देतो म्हणाला. आईने ऐकून घेतलं आणि थोरल्या लेकीला निरोप धाडला, पोती उतरवून झाली की इकडून ये, मी तयार आहे.