भावाच्या देवी

गेल्या रविवारी बोळिंजच्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी फ्लूच्या लशीचं शिबिर होतं. मनूआत्यानं नऊलाच पहिली खुर्ची पकडली. नर्स रोझमेरीनं तिची डावी बाही वर सारली. दंडावर देवीचे दोन जुने वण होते.

“इथं नको गं, मी त्या कुशीवर झोपते,” म्हणत आत्यानं उजवा हात पुढे केला. तिथंही तसेच दोन.

“आजी, दोन्हीकडे देवी कशा?”

“उजवीकडच्या माझ्या भावाच्या आहेत.”

तो भाऊ, म्हणजे माझे बाबा, तीन खुर्च्या मागे बसले होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

आत्या आणि बाबा आगाशीजवळच्या केळीच्या वाडीत वाढले. आत्या नऊ वर्षांची आणि बाबा सातचे असताना एकदा देवी टोचणारे गृहस्थ घरी आले. घरात मोठं कोणी नव्हतं. त्यांच्याकडे दात्यांचं छोटं चाक असे. ते दंडावर टेकवून किल्लीसारखं पिळत. आत्याचं झालं. ती भरपूर रडली. मग त्यांनी यादी वाचली, “दिनानाथ.”

दिनानाथ केळीच्या वाळक्या पानांच्या ढिगाखाली लपले होते. आत्यानं त्यांना शोधलं, तर त्यांनी तिचे पायच धरले. “मनूताई, मी मरेन गं!”

इकडे ते गृहस्थ ओट्यावर मांडी घालून बसलेले. “नाव लिहिलंय. टोचल्याशिवाय मी हलत नाही.”

उवा झाल्या म्हणून आठवड्यापूर्वीच आत्याचा गोटा केला होता. तिनं भावाचा सदरा-चड्डी चढवली आणि ओट्यावर येऊन उजवा हात पुढे केला.

“डावा दे.”

“मी डावखुरा आहे. मग लिहू कशानं?”

चाक फिरलं. या वेळी आत्यानं दात आवळून धरले. “शाब्बास! बहीण बघ केवढ्यानं रडली. शेवटी मुलगा तो मुलगाच,” असं म्हणून ते गेले. हे वाक्य आत्याला अजून झोंबतं.

दोन्ही दंड सुजले. हात वर होईना. बाबा तिला घास भरवू लागले आणि त्यांची आई, म्हणजे माझी आजी, शेजारणींना भावाबहिणीच्या प्रेमाचं कौतुक सांगू लागली.

आठव्या दिवशी ते गृहस्थ देवी उठल्या का ते बघायला परत आले. आत्यानं मनोरमा म्हणून डावा दंड दाखवला, मागच्या दारानं पळाली आणि कपडे बदलून दिनानाथ म्हणून आली. पण या वेळी आजी घरात होती. तिनं त्याच वेळी हाक मारली, “दिन्या, ये रे!” बाबा पेरू खात पुढून हजर झाले.

गृहस्थांनी चष्मा पुसला. “यातला डावखुरा कोणता?”

मग बाबांना टोचलं. त्यांची किंकाळी ऐकून शेजारच्या वाडीतले लोक विंचू चावला असं समजून धावत आले. मार मात्र आत्यानं खाल्ला. बाबांना ताप येणार होता म्हणून आजीनं त्यांना सोडून दिलं.

पुढं आत्यानं शाळेच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केली आणि दुसऱ्यांच्या जागी उभं राहणं काही सोडलं नाही. रॉकेलच्या रांगेत ती अख्ख्या चाळीचे डबे घेऊन उभी राहायची. माझ्या पालकसभेला आईला ताप होता, तर आत्या आई म्हणून गेली आणि माझ्या बाईंनाच अक्षर सुधारायला सांगून आली.

आत्याची ही गोष्ट ऐकून रोझमेरी हसता हसता सुई भरायची विसरली होती. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, तेव्हा कुठं आत्याचं टोचून झालं.

बाबांची पाळी आली. आत्या उठू लागली तसे ते म्हणाले, “तू बस गं, ताई.” त्यांनी डोळे घट्ट मिटले, पण टोचून घेतलं.

मग दंडावर कापूस दाबून दोघं बाकावर बसले आणि वाडीतली विहीर कोणत्या साली बुजवली, यावरून जेवणाच्या वेळेपर्यंत भांडत राहिले.