कॉम्प्युटर बंद, फोन चालू

हार्म ओंकेनसारखा खडूस म्हातारा उत्तर जर्मनीतल्या आमच्या नॉर्डनमध्ये शोधून सापडायचा नाही. आणि त्याची नि माझी भिंत एक, हे माझं नशीब! जन्मभर समुद्राच्या बांधाची डागडुजी केली त्यानं. अजूनही सगळ्या जगावर मुकादमी करतो.

बायको हिलके गेल्यापासून त्याचं एकच पालुपद. "पोरगी कॅनडात मजा मारतेय. आई मेली तरी आली नाही. साधा एक फोन नाही!" बेकरीत, चर्चच्या दारात, माणूस दिसला की हेच. गावानं तालेयाला नावं ठेवायला सुरुवात केली. मी नाही ठेवली. ती पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली.

मग एक दिवस तिचाच मला फोन. रडत होती.

"एडामावशी, आईला पुरल्यावर मला कळवलं बाबांनी. असं का केलं, एवढंच विचारायचंय. दर रविवारी फोन लावते गं. लागतच नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. इंटरनेटवरून फोन लावायची डबी तिनंच त्याला पाठवली होती. ती कॉम्प्युटरला जोडलेली. कॉम्प्युटर चालू तरच फोन चालू. आणि हा बाबा काम झालं की कॉम्प्युटरचा प्लगच उपटतो. चोराच्या उलट्या बोंबा!

तशीच तावातावानं गेले.

"कॉम्प्युटर का बंद ठेवतोस रे?"

"विजेचं बिल काय तुझा बाप भरतो?"

"अरे मेल्या, मग पोरीचा फोन वाजणार कसा?"

"करायचा असता तर केला असता तिनं. तू तुझं घर सांभाळ."

म्हटलं थांब, तुझी खोडच मोडते. दुकानातून दुसरी डबी आणली, थेट राउटरला लागणारी. तालेयाकडून माहिती घेऊन नंबर तोच ठेवला. आता कॉम्प्युटर झक मारत बंद राहू दे. राउटर मात्र हार्म कधी बंद करत नाही, त्यावर त्याचा टीव्हीवरचा फुटबॉल चालतो.

रविवारी चहाच्या वेळेला गेले. त्यानं तोंड वाकडं केलं, पण चहा ओतला. आमच्याकडे दारी आलेल्या वैऱ्यालाही चहा नाकारत नाहीत. कप रिकामा झाला की यजमान भरतच राहतो. पाहुण्यानं कपात चमचा ठेवला की समजायचं, पुरे. चमचा तेवढ्यापुरताच. ढवळत कुणी नाही, साखर तळाशी नि साय वर तशीच राहू द्यायची.

मी डबी राउटरला लावली, फोन डबीला लावला.

"हे काय?"

"कॉम्प्युटरशिवाय चालणारा फोन. तुझी वीज वाचली. आता खूश?"

"काढ ते."

"का म्हणून?"

"घर माझं आहे. काढ म्हणतो ना!"

आवाज चढला, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विजेचं निमित्त होतं. ह्याला फोन वाजायलाच नको होता.

"हार्म, तू मुद्दाम केलंस? आणि गावभर त्या पोरीची बदनामी केलीस? लाज वाटत नाही?"

तेवढ्यात फोन खणखणला. हार्म जागचा हलला नाही. चमचा घेतला आणि चहा ढवळायला लागला, गरागरा. मी इतकी वर्षं शेजारी, हे कधी पाहिलं नव्हतं.

"उचल," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या बशीतला चमचा उचलला आणि माझ्याच अर्ध्या कपात ठेवला. पाहुण्याचा चमचा यजमान ठेवत नसतो. असा अपमान माझा कुणी केला नव्हता. उठले आणि दार आपटून बाहेर आले. पण पाय काही दाराच्या पायरीवरून पुढे जाईनात.

आत फोन वाजायचा थांबला.

"तालेया," तो म्हणाला. "ठेवू नकोस. आधी ऐक. आई शेवटपर्यंत म्हणत होती, तालेयाला बोलव. मीच बोलावलं नाही. तुला बोलावलं असतं, तर ती जाणार हे खरं झालं असतं गं."