गाडीचं सरकतं छप्पर

चष्मेवाल्या काकूंनी आयुष्याची चांगली वीसेक वर्षं चार चाकांवर संसार केला आणि त्यातला एकही दिवस कुरकुर केल्याशिवाय जाऊ दिला नाही.

काका गावोगाव फिरून डोळे तपासायचे आणि चष्मे विकायचे. गाडी हेच दुकान आणि गाडी हेच घर. दिवसा मागच्या बाकावर बसून गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायचं. रात्री तीच बाकं ओढून जोडली की अंथरूण व्हायचं. खिडकीखाली एका स्टोव्हपुरता ओटा. मुलगी तिथेच रांगायला शिकली आणि दोनदा रांगली की गाडी संपायची.

"पाय लांब करायचे तर पाळी लावावी लागते इथे," काकू म्हणायच्या. "मला भिंत हवी. खिळा ठोकता येईल अशी, आणि सकाळी उठल्यावर जिथल्या तिथे सापडेल अशी."

गाडीतली एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडायची, पण ते त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही. छपराच्या मधोमध एक चौकोनी पत्रा होता. आतलं हँडल फिरवलं की तो मागे सरकायचा आणि वर आभाळ उघडायचं. ते हँडल काकूंच्या ताब्यात. काका गाडी हाकत असले की त्या लेकीला कुशीत घेऊन मागे आडव्या व्हायच्या. वरून झाडांच्या फांद्या धावायच्या, विजेच्या तारा धावायच्या, एखादा पक्षी काही अंतर सोबत यायचा. तेवढा वेळ कुरकुर बंद. काकांना मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ते इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून विचारायचे, "बरी आहेस ना गं?"

मग एक दिवस काका "पुरे झालं फिरणं" म्हणाले आणि त्यांनी घर घेतलं. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहणं. काकूंनी शेवटी हट्ट पुरा करून घेतलाच, असं सगळे म्हणाले. काकूंनी पहिल्याच आठवड्यात इतके खिळे ठोकले की टांगायला वस्तू पुरेनात. गाडी बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. पुढे लेक लग्न होऊन लांब गेली.

आणि काकूंना करमेना. दुपारी आडवं झालं की वर पांढरं छत आणि पंखा. पंखा फिरायचा, पण जागच्या जागी. काकांचा जीव मात्र घरात मस्त रमला होता. त्यांची खुर्ची ठरलेली, कप ठरलेला. काकूंना फांद्या आठवायच्या, लेकीच्या केसांचा वास आठवायचा. पण सांगणार कुठल्या तोंडाने? घर त्यांनीच मागितलं होतं. आपण या माणसाला रस्त्यावरून ओढून खाली उतरवलं, ही टोचणीही होतीच.

एका पावसात शेडमध्ये पाणी गळलं, तिथून गाडीत शिरलं आणि आत ठेवलेल्या गाद्या भिजल्या. काकांनी गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावलं.

"या भोकावर पत्रा मारून वेल्डिंग करून टाक," ते म्हणाले. "मग कुणाला तरी देऊनच टाकू."

काकू ओल्या हातांनी तशाच बाहेर आल्या. "पत्रा मारायचा नाही. छप्पर दुरुस्त करायचं."

"अगं, इंजिनाने केव्हाच मान टाकली आहे. छप्पर उघडून करणार काय?"

"उघडणार," काकू म्हणाल्या.

मिस्त्रीने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. तो संसारी माणूस होता. कुणाचं ऐकायचं हे त्याला लगेच कळलं.

काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. आधी काकांनी गळती थांबवायला वेळोवेळी थापलेलं डांबर खरवडावं लागलं. छपराच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या मातीने गच्च भरल्या होत्या. मिस्त्रीने वरून तार घातली, खाली काकू बादली धरून बसल्या. पत्रा ओढणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटली होती, म्हणून तो तिरका होऊन अडकला होता. बाहेर काढला तर त्याच्या कडा गंजून भुगा झालेल्या.

"हा आता बसायचा नाही," मिस्त्री म्हणाला. भंगारबाजारात त्याला तसल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा पत्रा मिळाला. मापात बरोबर, फक्त रंगाने गडद हिरवा. आणि काकूंची गाडी दुधी.

काकूंचं तोंड उतरलं. "हे काय ठिगळ लावलंयस?"

"काकू, रंग वरून दिसतो. तुम्ही तर आतून बघणार."

मिस्त्रीने रुळांना ग्रीस लावलं, कडेने नवं रबर बसवलं. आतलं कापड काकूंनी स्वतः शिवलं.

पहिल्यांदा उघडायचं तेव्हा काकूंनी सगळ्यांना बाहेर काढलं. हँडल फिरवलं. पत्रा जरासा कुरकुरला आणि सरळ रेषेत मागे गेला. काकू बाकावर आडव्या झाल्या, डोळे मिटून घेतले, मग सावकाश उघडले.

वर शेडचे पत्रे होते. एका पन्हाळीला पाल चिकटलेली.

दारातून डोकावणारे काका पोट धरून हसले. काकू उतरून तडक घरात गेल्या. त्या संध्याकाळी काकांच्या चहात साखर नव्हती आणि ती मागायची त्यांची छातीही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनीच मिस्त्रीला आणि शेजारच्या दोघांना गोळा केलं. ते स्वतः स्टिअरिंगवर बसले, बाकीच्यांनी ढकलत ढकलत गाडी अंगणात आणली. काकू पुन्हा आडव्या झाल्या. आभाळ स्वच्छ होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"दिसलं ना?" काकांनी विचारलं.

"दिसलं."

"मग चेहरा का असा?"

"ते धावत नाही हो," काकू म्हणाल्या.



थोड्याच दिवसांत एक बाई गाडी बघायला आली. तिला गाडीचं चहाचं दुकान करायचं होतं. आता महाभारत होणार म्हणून काका धास्तावले होते, पण काकू सरळ हो म्हणाल्या. त्यांची अट एकच. गाडी भर उन्हात न्यायची, छप्पर उघडं ठेवायचं आणि मागे त्या बसणार.

मिस्त्रीने त्याच्या टेम्पोला जाड दोर बांधला. ब्रेक सांभाळायला काका पुढे बसले. टेम्पो गोगलगायीच्या चालीने निघाला आणि काकूंच्या डोळ्यांवरून पहिली तार सरकली. मग गॅलरीत वाळणारे कपडे, मग एक फांदी, मग पानंच पानं. बाकावर शेजारी जागा रिकामी होती. काकूंनी तिथे हात ठेवला.

इंजिन बंद असल्यामुळे गाडीत शांतता होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढचं हळू बोललेलं मागे ऐकू येत होतं.

"अहो, मी एवढी कुरकुर केली नसती तर अजून फिरलो असतो ना आपण?"

"तुझी कुरकुर?" काका म्हणाले. "ती नसती तर मला गाडी चालवताना झोप लागली असती." मग थोडं थांबून म्हणाले, "डोळे गं. अंधारून आलं की रस्त्याची कडच दिसेना. चष्म्याने सुटणारं दुखणं नव्हतं ते. आणि तुम्ही दोघी मागे झोपलेल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू मागे निवांत झोपली असतीस का?"

वर पानांची गर्दी झाली होती आणि काकूंना ती नीट दिसेनाशी झाली.

गाडी पोचली. काकूंनी चहावालीला हँडल दाखवलं, जोर लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि दोघं बसने घरी आली. बसमध्ये काकूंनी काकांचा हात धरला होता. उतरेपर्यंत सोडला नाही.

अजूनही काकू अधूनमधून तिकडे चहाला जातात. छप्पर उघडं असतं, आधणाची वाफ तिथून वर जाते. चहावाली दर वेळी म्हणते, "आत या ना काकू." काकू बाहेरच्या स्टुलावरच बसतात. आत गेलं की उठवणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

परवा चहावाली म्हणाली, "जमलं की इंजिनही करून घेणार आहे. मग जत्रेजत्रेला नेईन गाडी."

"आणि मागे कोण बसणार?"

"बसणार कोण? सामान."

काकूंनी कप खाली ठेवला. "तसं नको करू," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी चालवायला बसव आणि एकदा तरी तू मागे आडवी हो." मग स्टूल जवळ ओढून, कुठल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत आणि ती किती वेळ पुरतात, हे त्या तिला नीट समजावून सांगू लागल्या.