हंसाच्या नावावर कोणाची हरकत नाही

भुईगावच्या खाडीकाठच्या खाजणात हंसा भात लावायची तेव्हा बांधावरून जाणारे तिला रामूची बायको म्हणायचे. रामू वारल्यावरही तेच म्हणत राहिले. शेतकरी मात्र तिला कोणी म्हटलं नाही, कारण जमीन गॉडफ्रेची होती. गॉडफ्रे पंचाहत्तरीचा, गुडघ्यांनी बेजार. हंसानं शेत कसायचं आणि त्याच्या घरापुरता तांदूळ पोचवायचा, एवढंच तोंडी ठरलेलं.

त्या वर्षी कापलेलं भात शेतात पसरलेलं असताना अवकाळी पाऊस आला आणि हटेचना. लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. पंचनाम्याला माणूस आला, त्याला चिखलातून हंसानंच फिरवलं. त्यानं फोटो काढले, गट नंबर टिपला आणि गेला. तिचं नाव त्यानं विचारलंच नाही.

भरपाईची यादी दरवर्षी तलाठी कार्यालयाच्या काचेआड लागायची. ती कोणी वाचली, कोणाला काय मिळालं, हे गावाला कधी धड कळायचं नाही. या वेळी नव्या तलाठी ज्ञानदा मॅडमनी सांगितलं, "पैसे खात्यात जाण्याआधी यादी सगळ्यांसमोर वाचणार. चूक असेल तर तिथंच बोला."

रविवारी समाजमंदिरापुढे गाव जमलं. हंसा मागच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी राहिली. आपलं नाव येणार नाही हे तिला ठाऊक होतं. फक्त आपल्या शेताचं नुकसान लिहिलंय का, एवढं तिला ऐकायचं होतं. मॅडम एकेक नाव, क्षेत्र आणि रक्कम वाचत होत्या. खाजणातला तो गट आला आणि त्यांनी गॉडफ्रेचं नाव वाचलं.

पुढच्या खुर्चीतला गॉडफ्रे काठीवर भार देत उठला.

"मॅडम, हे चुकलंय. ते भात माझं नाय."

"जमीन तुमच्याच नावावर आहे ना, अंकल?"

"जमीन माझी, भात हंसाचं. मी त्या शेतात गेलोय कधी ते मलाच आठवत नाय." काठी सावरत तो पुढं म्हणाला, "मागेपण दोनदा माझ्या खात्यात पैसे आलेले. मला वाटलं, गॅसचे असतील. ते हिचेच असनार."

लोक हसले, गॉडफ्रेही हसला. हंसाला मात्र पदर तोंडाशी धरावा लागला. तो गप्प बसला असता तरी कोणाला पत्ता लागला नसता, तिलासुद्धा.

मॅडमनी तिला पुढं बोलावलं. "मावशी, शेत कोण कसतं?"

"मीच कसते. लावनी, कापनी, समदं मीच."

"पूर्ण नाव?"

"हंसा रामू म्हात्रे."

मॅडमनी गॉडफ्रेचं संमतीपत्र तिथंच लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि मग खणखणीत आवाजात वाचलं, "शेतकरी, हंसा रामू म्हात्रे. कोणाची हरकत आहे?"

मागून शेजारच्या शेतातला कल्पेश म्हणाला, "हरकत कसली? आम्ही रोज बघतो तिला शेतात."

पैसे महिनाभरानं आले. त्याआधीच गॉडफ्रेनं बँकेत जाऊन मागच्या दोन वेळचे काढून तिला आणून दिले होते. हंसा अर्धे परत द्यायला लागली तेव्हा त्यानं हात मागे घेतले. "मला तांदूळ पोचतोय ना, बस झालं."

त्या पैशांतून तिनं बियाणं घेतलं आणि जिथून खाडीचं पाणी आत शिरायचं तो बांध मजूर लावून भरून घेतला. मॅडमसाठी वालाच्या शेंगा घेऊन ती कार्यालयात गेली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी काहीच दिलं नाही हो. जे होतं ते नुसतं मोठ्यानं वाचलं."

"तेच कोनी वाचत नव्हतं," हंसा म्हणाली, आणि शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून शेताच्या वाटेला लागली.