प्रदर्शनात नेलेली पऱ्हाटी

अकोल्याला साहेबांनी मोठं प्रदर्शन भरवलं, त्या साली आमच्या शेतातलं सीतादहीचं झाड पाटलानं तिथं मांडायला मुळासकट उपटून नेलं. त्या प्रदर्शनाचं कौतुक लोक अजून सांगतात. माझ्यापुढे सांगू नका.

सीतादही म्हणजे काय, ते आधी सांगते. कापूस वेचायच्या पहिल्या दिवशी घरची बाई शेतातली सगळ्यात भरलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, निवडते. तिच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि तिचीच बोंडं आधी वेचायची. त्या कापसाच्या देवाला वाती. मग बाकीच्या शेताला हात. झाड मी निवडलं होतं, खुणेला चिंधी बांधली होती. त्या चिंधीमुळं पाटलाला ते आयतंच सापडलं.

तेव्हा सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई चालली होती म्हणे, आणि इथं कापसाला सोन्याचा भाव. आमचं शेत फुटून पांढरं झालेलं, कापूस गळून मातीत चाललेला, आणि सासू हटून बसली. "सीतादही झाल्याबिगर कोनी वेचाले जाचं नाई. अन् निवडलेलं झाड बदलाचं नाई."

नवरा मला म्हणाला, "झाडाले बक्षीस भेटन. तुले काय समजते?"

"मंग बक्षिसाच्या वाती वळा," मी म्हटलं.

शेवटी अकोल्याला जायला दहीभाताचं गाडगं मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. त्यानं तोंड फुगवून बैल हाकले.

प्रदर्शनाच्या तंबूत काय नव्हतं? सरकी काढायचं लोखंडी यंत्र, काचेतले दगड, भुसा भरलेला मेलेला रोही, म्हणजे नीलगाय. परातीत आमचीच ज्वारी मांडलेली, आणि माणसं तिच्याकडे जन्मात न पाहिल्यासारखी पाहत होती. मधोमध दोरीच्या आत, कुंडीत, आमची पऱ्हाटी. पानं लोंबलेली, चिंधी काढून पुठ्ठा अडकवलेला.

मी दोरीखालून आत शिरले. पगडीवाला कारकून धावत आला.

"ए बाई, बाहेर हो. हे बघायचं असतं, हात लावायचा नसतो."

"माह्या शेतातलं हाय."

"आता प्रदर्शनातलं आहे. तुम्हा वऱ्हाडी लोकांना काही शिस्त?"

"बाजूले सरका. दही सांडन तुमच्या धोतरावर."

धोतर कोरं होतं. सरकला. मी दहीभात ठेवला, कुंकू लावलं, आणि झाडावरचं एकेक बोंड वेचून ओटीत भरलं. कारकुनानं शिपायाला हाक मारली. तो इकडलाच कुठला तरी असावा. त्यानं आधी जोडे काढून पऱ्हाटीला हात जोडले, मग मला म्हणाला, "चला माय, झालं न आता?"

"गेलं बक्षीस," बाहेर येताच नवरा म्हणाला. त्यानं बैल जुंपले, मी ओटी सावरत गाडीत चढले.

सासूनं त्याच रात्री वाती वळल्या, आणि उजाडता आम्ही वेचणीला लागलो. ते झाड म्हणे त्यांनी तसंच ठेवलं होतं, बोडकं, पुठ्ठ्यासकट. लोक येऊन पाहत होते. पाहोत बापडे.