बाबांचं क्रीम

औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी ही बाई गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हती. कोणी उन्हाचं क्रीम मागितलं की ती आधी त्याची उलटतपासणी घ्यायची. कोणासाठी? वय काय? पोहायला जाणार का? वासाचं कशाला हवं, नटायला लावताय का? गिऱ्हाईक वैतागायचं, पण ती देईल तेच मुकाट्याने घेऊन जायचं. मालक तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायचे आणि ती वरवर रागावून मनातून खूश व्हायची.

घरच्यांसाठी तर तिने कहर केला. पोरं पोहायला जाऊ लागली तेव्हा तिने अकरा ट्यूबांवरची बारीक अक्षरं डोळे फुटेस्तोवर वाचली. एकीला वास, दुसरीतलं औषध लहान मुलांना नको, तिसरी पाण्यात टिकत नाही. शेवटी एक झिंकवाली पास झाली. तीही थेट लावली नाही. मुलगी, मुलगा, सासूबाई आणि ती स्वतः, प्रत्येकाच्या मनगटावर ठिपका लावून दोन दिवस वाट पाहिली. ठिपके चार पडले. घरात माणसं पाच होती.

पाचवा माणूस, म्हणजे नवरा, सकाळी आठपासून लोकांच्या छपरांवर सोलर पॅनल बसवत असायचा. घरात जे कोणाला चालत नाही ते त्याच्या वाट्याला जायचं, आणि खाज सुटणारा साबणही तो बिनबोभाट संपवायचा. क्रीमचंही तेच झालं. नापास झालेल्या अर्धवट ट्यूबा आणि दुकानातल्या तारीख उलटलेल्या नमुन्याच्या ट्यूबा तिने एका रिकाम्या बाटलीत पिळल्या, हलवल्या आणि वर चिकटपट्टी लावून 'बाबा' असं लिहिलं. बाटली दिवसभर छपरावर तापायची. तारीख उलटलेली गोळी कोणी घेतली असती, तर तिने त्याला दुकानातच फैलावर घेतलं असतं.

सासूबाई एकदा म्हणाल्या, त्यालाही दे की चांगल्यातलं. ती म्हणाली, "ते रोज थापणार, चार दिवसांत संपेल. आणि त्यांची कातडी आता निबर झालीय."

दोन उन्हाळे गेले. नवऱ्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. हेल्मेटचा पट्टा घासतोय, असं इन्स्पेक्टरबाईंनी ठरवलं आणि आठ महिने मलम दिलं. उशीवर रक्ताचे डाग दिसू लागले तेव्हा कुठे दोघं त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. वरचा अर्धा कान काढावा लागणार होता.

उन्हात काय लावता, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने पटकन झिंकवाल्या ट्यूबचं नाव सांगितलं, त्यात काय आहे, काय नाही, तेही सांगितलं.

"हे वापरतात का ते?"

नवऱ्याने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे लावतो. न चुकता. हिनेच भरून दिलंय, यातलं हिला फार कळतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी झाकण उघडलं, आतलं पाणी सुटलेलं पिवळट क्रीम पाहिलं, 'बाबा' ही अक्षरं पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. याच बाटलीने झालं असं नाही, हे वर्षानुवर्षांचं ऊन आहे, असं ते म्हणाले. पण दोन वर्षं यांनी काहीच लावलं नाही असं समजा.

कान कापला. टाके निघाले, जखम भरली, आणि तो पुन्हा कामावर निघाला त्या सकाळी तिने झिंकवाली ट्यूब घेऊन त्याला दारात थांबवलं. उरलेल्या कानावर, मानेवर, कपाळावर ती क्रीम पिळत राहिली, इतकं की ते कॉलरवर ओघळलं. तो मान वाकवून उभा होता.

"बस झालं," तो हळूच म्हणाला. "पोरांना पुरायचं नाही."